शनिवारची पेज

जागा बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नोकरी कुठे, हे विचारलं नाही. मासळी शिजवता का, हेही विचारलं नाही, आणि रत्नागिरीत तो प्रश्न विचारल्याशिवाय कुणी किल्लीला हात लावत नाही. ते पडवीतल्या बाकावर बसून माझ्या दोन मुलांकडे बघत होते. थोरली पाच वर्षांची, धाकटा अडीच. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाई, तुमच्या घरात रीती किती?"

मी म्हटलं, "गणपती असतो, शिमग्याला गावी जातो, दिवाळी..."

"ते सण. सण सगळ्या गावाचे. मी घरच्या रीती इचारतंय. शेजाऱ्याकडं नसतात त्या."

मी विचार केला. आमच्या घरात रोज सकाळी दूध उतू जायचं, पण त्याला रीत म्हणावं की नाही ते कळेना. शेवटी म्हटलं, "एकही नाही."

त्यांनी मान हलवली, रिपोर्ट बघून डॉक्टर हलवतात तशी, आणि किल्ली दिली.

ते एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे स्टँडवर खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे, हे लाऊडस्पीकरवरून सांगणारा माणूस. आळीत सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणत, मीही म्हणायचे. मुलं आजोबा म्हणत. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा बडोद्याला. कंट्रोलरांकडे दोन भाषा होत्या. एरवी ते आपल्या संगमेश्वराकडच्या गावचं बोलत. पण काही जाहीर करायचं झालं की रॉकेल ओतायचं पत्र्याचं नरसाळं तोंडाला लावत आणि त्यातून एकदम शुद्ध मराठी बाहेर पडे. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. न्हाणीतील पाणी तापले असून थोरल्या प्रवाशाने आंघोळीसाठी त्वरित निघावे." मी चार हाका मारल्या तरी जागची न हलणारी माझी मुलगी नरसाळ्याचा आवाज आला की टॉवेल घेऊन धावायची. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. वर्गात पंचेचाळीस मुलांना गप्प बसवायचे आणि घरात एका मुलीला एक पत्र्याचं नरसाळं माझ्यापेक्षा जास्त हलवायचं, हे मला लागायचं. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं.

"तुमी आई हाव," ते म्हणाले. "आईचं कोण ऐकतंय?"

मुलांचे बाबा मुंबईला. परळला एका खोलीत आठ जण राहायचे, सगळे रत्नागिरीकडचे, आणि एका कारखान्यात सुटे भाग घासायचे. वर्षातून तीनदा यायचे, गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. आमच्याकडे अर्ध्या घरांतले बाबा असेच तीनदा येत, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं. निदान तसं मी सांगायचे.

कंट्रोलरांचा नियम असा होता की एखादी गोष्ट घरात तीनदा झाली की ती रीत झाली, आणि रीत झाली की ती मोडायची नाही. आणखी दोन अटी होत्या. रीतीला पैसा लागता कामा नये आणि घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला ती करता आली पाहिजे. "खर्च आला की मोठी माणसं रीत टाळतात," ते म्हणायचे. "फुकट असली की टाळायला कारण नाय मिळत."

हा तीनचा नियम ते अगदी काटेकोरपणे पाळत आणि त्याचा त्रास मला होई. आम्ही राहायला गेलो त्या पावसाळ्यात दूधवाल्याची सायकल बिघडली आणि ओळीने तीन सोमवार दूध आलं नाही. तिन्ही सोमवारी आम्ही गूळ घातलेला कोरा चहा प्यायलो, मुलांनाही अर्धा अर्धा कप दिला. चौथ्या सोमवारी दूधवाला आला, तर कंट्रोलरांनी त्याला अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडूनच परत पाठवला. मी चिडले. मला दुधाशिवाय चहा म्हणजे औषध वाटतं. पण मुलं पडवीच्या पायरीवर कप घेऊन आधीच बसली होती आणि मोठ्या माणसांसारखी फुंकर घालत होती. तेव्हापासून आमच्या घरात सोमवारी दूध नाही.

वाढदिवसाची रीत अशी, की ज्याचा वाढदिवस त्याच्याकडे दिवसभर नरसाळं. तो जे जाहीर करील ते सगळ्यांनी करायचं. थोरलीने सहाव्या वाढदिवसाला जाहीर केलं की आईने संध्याकाळपर्यंत 'नाही' हा शब्द उच्चारू नये आणि आजोबांनी एका पायावर उभं राहावं. मी कसंबसं निभावलं. कंट्रोलर साठी ओलांडलेले. पडवीच्या खांबाला धरून एका पायावर उभे राहिले आणि मधल्या वेळात पाय बदलायची परवानगी रीतसर मागून घेतली. शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या, त्यांच्याशीही ते तसेच बोलले. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, यांना काही होतंय का? मला 'नाही' म्हणायला बंदी होती. मी म्हटलं, "होतंय ना." पुढे आठवडाभर आळी त्यांच्या तब्येतीची चौकशी करत होती.

पण सगळ्यांत पक्की रीत शनिवारच्या पेजेची. शनिवारी दिवेलागण झाली की पडवीत पाट मांडायचे, उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा, लोणचं, आणि चमचा मात्र प्रत्येकाने स्वतःचा करायचा. अंगणात फणसाचं झाड होतं. त्याचं जाड पान दुमडून त्याला नारळाच्या झावळीचा हीर, म्हणजे खराट्याची काडी, टोचली की झाला चमचा. हे कोकणात कुणीही करतं. पण लोक एक हीर टोचतात, कंट्रोलरांकडे दोन टोचायचे, एकमेकांवर आडवे. एकाने भागतं, मग दोन कशाला, असं मी विचारलं.

"एकाचा चमचा सगळ्यांचा," ते म्हणाले. "दोनाचा आपला."

धाकट्याच्या हातून पान फाटायचं. मग कंट्रोलर त्याचा चमचा करून द्यायचे आणि त्याने तो पुढच्या शनिवारपर्यंत खिशात ठेवायचा. धुण्याच्या वेळी त्याच्या खिशातून निघणारी ती वाळकी पानं मी फेकून दिली की घरात रडारड व्हायची.

आता रविवारच्या गाडीचं सांगते. ती चूक माझ्याही अंगाला लागली आहे, म्हणून ती सांगितलीच पाहिजे.

मुंबईहून रात्री सुटलेली गाडी सकाळी सातच्या सुमारास आमच्या आळीच्या वळणावरून स्टँडकडे जायची. कंट्रोलरांनी पहिल्याच महिन्यात रीत घातली की रविवारी सकाळी मुलांनी वळणावर उभं राहायचं आणि ती गाडी दिसली की हात हलवून ओरडायचं, "बाबाऽऽ". का, तर ती गाडी बाबा राहतात तिथून आली. वडील नाहीत तर वडिलांकडून आलेलं काहीतरी पोरांना दिसावं, हा त्यांचा हेतू. ड्रायव्हर सगळे त्यांच्या ओळखीचे, ते हॉर्न वाजवायचे. फुकटची रीत, अडीच वर्षांच्या मुलाला जमणारी. सगळ्या अटींत बसत होती.

थोड्या दिवसांनी धाकटा इतर गाड्यांनाही हाका मारू लागला. माझा भाऊ हेदवीला असतो. तिकडची गाडी गेली की धाकटा म्हणायचा, "मामा." पूर्णगडला त्याचा चुलता, तर पूर्णगडची गाडी "काका". पाट्या वाचता येत नसताना तो गाड्या ओळखतो, कुठल्या गाडीने कोण येतं हे जाणतो, याचा मला फार अभिमान वाटला. शाळेत मी हे तीन शिक्षिकांना सांगितलं. एकीने तिचा मुलगा अजून पेन्सिल खातो असं कबूल केलं.

गणपतीला दोन दिवस असताना बाबा यायचे होते. रविवारच. आम्ही चौघं वळणावर उभे. गाडी थांबली आणि मुलांचे बाबा ट्रंक आणि पिशव्या घेऊन उतरले. थोरली त्यांच्या कमरेला बिलगली. धाकटाही धावला. बाबा खाली बसले, हात पसरले. धाकटा त्यांच्या बाजूने पुढे गेला आणि त्याने गाडीच्या पुढच्या चाकाला मिठी मारली. "बाबा आला," तो म्हणाला. "बाबा आला."

मुलांच्या बाबांनी त्याला चटकन मागे ओढला. ड्रायव्हरला काय चाललंय ते कळेना, त्याने नेहमीसारखा हॉर्न वाजवला आणि गाडी स्टँडकडे निघून गेली. धाकट्याने जो टाहो फोडला तो आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल. "बाबा गेलाऽऽ बाबा गेलाऽऽ" म्हणून तो गाडीच्या मागे बघून रडत होता आणि त्याच्या बापाने त्याचा हात घट्ट धरला होता.

मी कंट्रोलरांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

पुढचे आठ दिवस धाकटा बापाला 'पाव्हणे' म्हणाला. शेजारच्या काकू "पाव्हणे आले वाटतं" म्हणाल्या होत्या, ते त्याने उचललं. पाव्हणे, चहा घ्या. पाव्हणे, तुमी कधी जाणार? मुलांचे बाबा पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मी अंगाला लाल रंग लावून घेऊ का? म्हणजे ओळखेल." तिसऱ्या दिवसापासून नुसते धाकट्याकडे बघत बसायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नारळ खवत होते, म्हणून कुणी विचारलं नाही. मुलगा गाड्यांवरून नातेवाईक ओळखतो म्हणून मिरवणारी मी, मला हे आधी कळायला हवं होतं, असं राहून राहून वाटत होतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कंट्रोलर नरसाळं घेऊन पडवीत आले. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. रविवार सकाळची वळणावरील गाडी आजपासून कायमची रद्द करण्यात येत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल नियंत्रक दिलगीर आहेत." मग नरसाळं खाली ठेवलं आणि बाकावर बसले. तीनदा काय, तेरा वेळा झालेली रीत त्यांनी मोडली होती. त्यांचा चेहरा दाढ काढून आलेल्या माणसासारखा झाला होता.

मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो निवू दिला.

"माझा पोरगा बडोद्याला हाय ना," ते म्हणाले, "गेल्या साली आलावता. मी सहज इचारलं, तुला लहानपणचा मी कसा आठवतंय? जरा इचार केलान आणि म्हणाला, लाऊडस्पीकर." त्यांनी कप हातात फिरवला. "घर स्टँडच्या मागंच होतं. दिवाळीला ड्यूटी, शिमग्याला ड्यूटी. गर्दी तेवाच ना. तो आईच्या मांडीवर बसून माझा आवाज ऐकायचा. तोंड आठवत नाय म्हणाला. चूक नाय त्याची."

मी म्हटलं, "पण तुमच्या गाड्या वेळेवर सुटायच्या, सगळे सांगतात."

"गाडी वेळेवर सुटली तर कंट्रोलर कुणाला आठवतंय, बाई? सुटली नाय तर आठवतो. मग आयबापासकट आठवतो." त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला. "तुमच्या पोराचं तसं नाय होऊ द्यायचं."

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलांच्या बाबांना पडवीत बसवून फणसाच्या पानांचा ढीग पुढे ठेवला. बाबा खेड्यातलेच, लहानपणी पानाच्या चमच्याने पेज प्यायलेले, पण दोन हिरांचं त्यांना जमेना. कारखान्यात लोखंडाचे भाग घासणारी बोटं, पानं फाटत होती. कंट्रोलर समोर बसून फाटलेलं पान काढून घ्यायचे आणि नवं द्यायचे.

"दर शनवारी दिवेलागणीला," ते म्हणाले, "तू तिथं खोलीवर पेज प्यायचीस. आमी हितं पिताव. तुझा पाट हितं मांडलेला असंल. पोरं पत्रातून पान पाठवतील, त्याचा चमचा कर."

"आम्ही खानावळीत जेवतो," मुलांचे बाबा म्हणाले.

"खानावळीत भात नसतो?"

"असतो."

"त्यात पाणी घाल."

"आठ जणांत मी पानाच्या चमच्याने पेज पीत बसू? हसतील मला."

"हसू देत. पोरगा पाव्हणे म्हणतंय ते बरं हाय?"

यावर मुलांच्या बाबांनी नवं पान घेतलं. बाविसाव्या पानाला जमलं.

ते मुंबईला गेले आणि आमची नवी रीत सुरू झाली. बुधवारी मुलं झाडाखालून पान निवडायची, फार जून नाही, फार कोवळं नाही, आणि मी ते पाकिटात घालायचे. धाकट्याचं काम पाकिटाला जीभ लावणं. शनिवारी एक पाट जास्त मांडायचा आणि पेज वाढताना धाकट्याने विचारायचं, "बाबा काय करतो?" मग सगळ्यांनी मिळून सांगायचं, "बाबा पेज पितो." पोस्टाने गेलेल्या पानाचं परळला पोचेपर्यंत काय होत असेल कोण जाणे. मुलांच्या बाबांची पत्रं यायची, त्यांत खुशाली असायची, पावसापाण्याची चौकशी असायची, पानाबद्दल एक अक्षर नसायचं. माझा स्वभाव संशयी आहे. मला वाटलं, पानं तिथे कचऱ्यात जातायत आणि आम्ही इथे रिकाम्या पाटासमोर आरती ओवाळल्यासारखे बसतोय. तसं मी कंट्रोलरांना बोलले.

"गाडी हितनं वेळेवर सुटली ना? मग झालं," ते म्हणाले.

दिवाळीनंतर त्या खोलीतला एक पूर्णगडचा माणूस कुठल्याशा लग्नासाठी आला होता. मुलांसाठी बाबांनी दिलेली खाऊची पुडी घेऊन आमच्याकडे आला, पाणी प्यायला आणि जाता जाता अवघडून म्हणाला, "वयनी, एक सांगायचं व्हतं. पानं जरा जास्ती पाठवा."

"कसली पानं?"

"फणसाची. आता आमी आठीच्या आठी जण शनवारी पेज पिताव. एका पानात कसं भागंल? परवा दोघांचं त्याच्यावरनं भांडण झालं."

मी आत गेले, भांडी नसताना भांडी घासली आणि बाहेर आले. कंट्रोलर पडवीत होते, त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी नरसाळं उचललं आणि जाहीर केलं की प्रवाशांच्या वाढत्या गर्दीमुळे मुंबईकरिता जादा गाड्या सोडण्यात येत आहेत. आवाज जरा फाटला. नरसाळ्याला गंज धरलाय, म्हणाले, आणि ते पुसत बसले.

शिमग्याला बाबा यायचे होते ते दिवसाच्या गाडीने, शनिवारी संध्याकाळी. त्या दिवशी मला वर्गात फळ्यावर सरळ ओळ काढता येत नव्हती. कंट्रोलर दुपारपासून पडवी ते फणस अशा फेऱ्या घालत होते. पाट त्यांनीच मांडले. पानं पुसून ठेवली, हीर सोलून ठेवले. आणि फाटकाची कडी वाजायच्या बेताला मला म्हणाले, "बाई, मला ताप हाय. मी पडतंय. पेजेला नाय येत." आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

माणूस त्या वेळपर्यंत ठणठणीत होता. मला राग आला. इतकं सगळं यांनी मांडलं आणि ऐन वेळी पाठ फिरवली, असं मला वाटलं.

बाबा आले. थोरली धावली. धाकटा माझ्या पदराआड गेला आणि तिथून बघत राहिला. पाव्हणे म्हणाला नाही, पण बाबाही म्हणाला नाही. मुलांच्या बाबांनी त्याला हाक मारली नाही. त्यांनी हातपाय धुतले आणि जास्तीच्या पाटावर येऊन बसले. मी पेज वाढली. थोरलीने आपला चमचा केला, मी माझा केला. धाकट्याने पान घेतलं, सवयीने शेजारी पुढे केलं, तर शेजारचा पाट रिकामा. तो उठला, कंट्रोलरांच्या दारापर्यंत गेला. "आजोबा, चमचा." आतून काही उत्तर आलं नाही. त्याने दोनदा दार थापटलं. मग तो पान हातात घेऊन पडवीच्या मधोमध उभा राहिला. पेज निवत होती. मला वाटलं, आता हा रडणार. मी हात पुढे करणार होते, तेवढ्यात थोरलीने माझा हात दाबला. सहा वर्षांची पोर. तिला ते माझ्याआधी कळलं.

धाकटा बाबांपाशी गेला आणि पान धरून उभा राहिला.

बाबांनी पान घेतलं. दुमडलं. पहिला हीर टोचला. धाकटा बघत होता. मग त्यांनी दुसरा हीर घेतला आणि पहिल्यावर आडवा टोचला. पान फाटलं नाही. धाकट्याने तो चमचा हातात घेऊन उलटसुलट केला, दोन्ही हिरांवर बोट फिरवलं, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं.

"तू पेज पितो?" त्याने विचारलं.

"पितो. दर शनवारी."

"बाबा पेज पितो," धाकटा म्हणाला आणि त्यांच्या मांडीवर बसला. पेज पिऊन झाल्यावर म्हणाला, "बाबा, आजून एक चमचा कर." एक पुरेसा असताना त्याने सात करून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंट्रोलर अंगणात झाडाला पाणी घालत होते. मी विचारलं, "ताप उतरला का?"

"कसला ताप?" ते म्हणाले. मग आठवण झाल्यासारखं, "हां, तो. शनवारचा व्हता. गेला."

मला रात्रीच अंदाज आला होता. त्यांच्या वाटची पेज मी झाकून दाराशी ठेवली होती, ती सकाळी संपलेली होती आणि वाडग्यात दोन हिरांचा चमचा धुऊन ठेवलेला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्यात तशी रीत नव्हती, म्हणून मी सोमवारचा कोरा चहा न कुरकुरता प्यायले.

मे महिन्यात बाबा आले तेव्हा शनिवारी कंट्रोलरांना ताप आला. गणपतीत पुन्हा आला. तीनदा झाल्यावर मी विचारायचं सोडलं. बाबा घरी असले की शनिवारी त्यांचं दार बंद, हे ठरून गेलं. पुढे धाकट्याला स्वतःचा चमचा करता येऊ लागला, बाबांनीच शिकवला. मग कंट्रोलर एरवीच्या शनिवारीही पेज घेऊन बाजूला बाकावर बसायला लागले. पाटावर बसलं की गुडघे दुखतात, म्हणायचे. एका पायावर उभा राहिलेला माणूस.

आम्ही तिथे चार वर्षं राहिलो. मग मुंबईजवळ जागा झाली, माझी बदलीही झाली आणि आम्ही सगळे बाबांकडे राहायला गेलो. निघताना कंट्रोलरांनी थोरलीला नरसाळं दिलं आणि आमची गाडी वळणावरून गेली तेव्हा ते तिथे उभे होते. त्यांनी हात हलवला नाही, ती रीत त्यांनी रद्द केली होती. तीन वर्षांनी बडोद्याहून त्यांच्या मुलाचं कार्ड आलं, वडील वारल्याचं. चार ओळींचं. मी त्याला मोठं उत्तर लिहिलं, त्यात सगळं लिहिलं, पेज, पान, ताप. पाकिटात एक फणसाचं पानही घातलं. त्याचं उत्तर आलं नाही. पत्र मात्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असणार.

मुलांचे बाबा जाऊन आता चार वर्षं होतील. धाकट्याला मुलगी आहे, तीन वर्षांची. त्यांच्याकडे सोमवारी कोरा चहा असतो. सुनेने एकदा का म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे असतो." शनिवारी पेज असते. फणसाची पानं तो कुठल्याशा सोसायटीच्या वॉचमनकडून मिळवतो. परवा मी तिथे होते. धाकट्याने मुलीला पान दुमडून दोन हीर टोचून दिले आणि सांगू लागला, "हे माझ्या बाबांनी सुरू केलं. ते मुंबईला आणि आम्ही रत्नागिरीला. मग ते तिकडे असाच चमचा करायचे आणि आम्ही इकडे. दोन हीर म्हणजे आपला, असं बाबा सांगायचे."

मी तोंड उघडलं. त्याचा चेहरा बघितला आणि पेज तोंडात घातली.

"रत्नागिरीला आणखी कोण होतं?" नातीने विचारलं.

"आजी होती, आत्या होती." धाकटा आठवू लागला. "आणि एक घरमालक होते म्हातारे. फारसं आठवत नाहीत. आजारी असायचे बिचारे. शनिवार आला की त्यांना ताप यायचा. हो ना गं, आई?"

"हो," मी म्हटलं. "यायचा खरा."